घड्याळाच्या चिपमधले छप्पन्न बाइट

वीज गेली तरी आमच्या उपकरणाने एक आकडा लक्षात ठेवायला हवा होता. सेन्सरकडून येणाऱ्या पल्स मोजायच्या, त्यांची एकूण बेरीज सांभाळायची आणि वीज परत आल्यावर मोजणी तिथूनच पुढे न्यायची. शेवटच्या दहा सेकंदांचा हिशेब बुडाला तर चालणार होतं, त्याहून जास्तीचा नाही. म्हणजे दर दहा सेकंदांनी कुठेतरी नोंद व्हायला हवी, दिवसाला ८,६४० वेळा.

फ्लॅश, म्हणजे पेनड्राइव्हमध्ये असते तशी मेमरी, या कामाला नको, हे लगेच ठरलं. थोडेसे बाइट बदलायला तिथे अख्खा ब्लॉक पुसावा लागतो आणि पुसण्याची संख्या मोजकी असते. ईईप्रॉम, म्हणजे वीज नसतानाही टिकणारी आणि एकेक बाइट लिहिता येणारी मेमरी, हिचा विचार जरा जास्त वेळ केला. चांगल्या ईईप्रॉमचा एक बाइट दहा लाख वेळा लिहिता येतो, आणि हा आकडा ऐकायला पुष्कळ वाटतो. पण दिवसाला ८,६४० ने भागून पाहिलं तर जेमतेम ११६ दिवस निघतात. जागा बदलत बदलत लिहिलं तर आयुष्य वाढतं, पण मग तो हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर आलं आणि वीज नेमकी त्या हिशेबाच्या मध्यात जाण्याची भीतीही आली.

बोर्डचा आराखडा समोर उघडा होता. घड्याळाच्या चिपवर नजर गेली: डीएस१३०७. शेजारी नाण्याएवढी लिथियमची बॅटरी. या चिपमध्ये वेळेच्या रजिस्टरांपलीकडे (रजिस्टर म्हणजे चिपमधला ठरलेल्या कामाचा छोटा खण) थोडी रॅम असते, हे कधीतरी वाचलेलं आठवलं. डेटाशीट, म्हणजे चिपचं माहितीपत्रक, काढली आणि पहिल्याच पानावर सापडलं: बॅटरीवर टिकणारी, कशालाही वापरता येईल अशी ५६ बाइट रॅम. ही खरी रॅम असल्याने कितीही वेळा लिहा, झिजत नाही. मुख्य वीज गेली की घड्याळ ज्या बॅटरीवर चालतं, त्याच बॅटरीवर हे बाइटही जगतात. घड्याळ चालू असताना चिप बॅटरीतून ५०० नॅनोॲम्पिअरपेक्षा कमी प्रवाह घेते. आम्हाला हवी होती ती जागा बोर्डवर पहिल्या दिवसापासून होती. फक्त आमचा ड्रायव्हर, म्हणजे चिप हाताळणारा सॉफ्टवेअरचा भाग, तिथपर्यंत जात नव्हता.

तसं पाहिलं तर ही कल्पना जुनीच. १९८४च्या आयबीएम पीसी एटीमध्ये मोटोरोलाची एमसी१४६८१८ ही घड्याळाची चिप होती. तिच्या ६४ बाइटांपैकी १४ घड्याळाचे आणि ५० मोकळे. संगणकाला कोणती डिस्क जोडली आहे, मेमरी किती आहे, असली माहिती त्या मोकळ्या बाइटांत ठेवली जाई. बॅटरी संपली की घड्याळ मागे जातं आणि सेटिंगही पुसलं जातं, हा अनेकांनी घेतलेला अनुभव तिथूनच येतो. दोन्ही गोष्टी एकाच घरात राहतात. हे शेजारपण पुढे मला चांगलंच कळणार होतं.

आमच्या उपकरणात लिनक्स होतं आणि घड्याळाचा ड्रायव्हर आमचा स्वतःचा. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, या चिपसाठी उत्तम ड्रायव्हर असताना आम्ही वेगळा का ठेवला, तर चिपच्या चौकोनी तरंगाच्या पिनवरून सेकंदाला एक इंटरप्ट (प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावणारी हाक) घेऊन मोजणी त्याच्याशी जुळवायची होती, आणि कधीकाळी कुणीतरी ते सगळं एकाच ड्रायव्हरमध्ये बसवलं होतं. त्या इंटरप्टखेरीज तो ड्रायव्हर दोनच कामं करायचा: वेळ वाचायची आणि वेळ लावायची. रॅमचा त्यात उल्लेखही नव्हता.

ड्रायव्हरला हात न लावता काम होतं का, हे आधी पाहिलं. आयटूसी बसवर, म्हणजे चिपांना प्रोसेसरशी जोडणाऱ्या दोन तारांच्या मार्गावर, या चिपचा पत्ता हेक्स ६८ (हेक्स म्हणजे सोळाच्या पायावर लिहिलेली संख्या). बस तपासणारी आज्ञा चालवली, तर त्या जागी आकड्याऐवजी 'यूयू' अशी दोन अक्षरं दिसली. याचा अर्थ हा पत्ता एका ड्रायव्हरच्या ताब्यात आहे. साध्या प्रोग्रामने तिथून वाचायला गेलं की कर्नल 'डिव्हाइस व्यग्र आहे' म्हणून परत पाठवतो. जबरदस्तीने वाचायचा पर्यायही असतो, आणि मी तो वापरून पाहिला. हेक्स ०८ या पत्त्यावरून एक बाइट वाचला, बदलला, परत वाचला. जमलं. रॅम जिवंत आहे एवढी खात्री पटली.

पण कायमचं काम या मार्गाने करायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं. ड्रायव्हरला बगल देऊन चिपशी बोलणारा प्रोग्राम म्हणजे एका घराला दोन मालक. आज माझा प्रोग्राम शहाण्यासारखा वागेल. उद्या दुसरं कुणी त्यात बदल करेल आणि त्याला हेक्स ०७च्या आत काय आहे ते ठाऊक नसेल. या चिपचा एकच मालक असावा आणि तो ड्रायव्हर असावा.

ड्रायव्हरमधून ही रॅम बाहेर कशी द्यायची, याचे तीन रस्ते दिसत होते. पहिला, स्वतःचा आयऑक्टल, म्हणजे ड्रायव्हरला द्यायची खास आज्ञा, बनवायचा. म्हणजे आमचा खासगी क्रमांक, आमची खासगी रचना, आणि ते वापरणाऱ्या प्रत्येक प्रोग्राममध्ये आमची हेडर फाइल. दुसरा, सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नलमधल्या गोष्टी फाइलींसारख्या दाखवणाऱ्या जागेत, एक बायनरी फाइल उघडायची. घड्याळांचे जुने ड्रायव्हर असंच करत. प्रत्येकाची फाइल वेगळी, मर्यादा तपासण्याची पद्धतही ज्याची त्याची. तिसरा रस्ता एनव्हीमेमचा. वीज गेल्यावर टिकणाऱ्या छोट्या मेमरींसाठी २०१५मध्ये कर्नलमध्ये ही एकसमान चौकट आली, आणि २०१७मध्ये घड्याळांच्या गाभ्यालाही तिची जोड मिळाली. ड्रायव्हरने फक्त सांगायचं: माझ्याकडे इतके बाइट आहेत, वाचायचं फंक्शन हे, लिहायचं फंक्शन हे. बाकी फाइल तयार करणं, परवानग्या, सीमा तपासणं, सगळं चौकट बघते. शिवाय डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डवर काय जोडलं आहे ते कर्नलला सांगणाऱ्या वर्णनात, या बाइटांतल्या एखाद्या तुकड्याला नाव देऊन दुसऱ्या ड्रायव्हरला तो वापरता येतो. पुन्हा सुरू होताना कोणत्या पद्धतीने सुरू व्हायचं, ती खूण अशा तुकड्यात ठेवण्याची सोय कर्नलमध्ये तयारच आहे. मी एनव्हीमेम निवडलं.

काम छोटं निघालं. वाचायच्या फंक्शनमध्ये एकच खरी ओळ: आलेल्या ऑफसेटमध्ये (सुरुवातीपासूनच्या अंतरात) ८ मिळवा आणि रेगमॅपला (रजिस्टर वाचण्या-लिहिण्याची कर्नलची सोय) तिथून तितके बाइट वाचायला सांगा. लिहिण्याचं फंक्शन तसंच. मग नाव, आकार, शब्दाची लांबी १ आणि प्रकार 'बॅटरीवर टिकणारी' एवढं भरून नोंदणी. नोंदणी फसली तर काय करायचं, यावर थोडा विचार केला. रॅम नाही मिळाली म्हणून घड्याळच नाकारायचं, हे बरोबर वाटलं नाही. त्यामुळे लॉगमध्ये इशारा लिहायचा आणि घड्याळ चालू ठेवायचं, असं केलं.

एक शंका मात्र मनात होती. वेळ वाचली जात असताना मध्येच कुणी रॅम वाचली, तर वेळेचे अर्धे बाइट जुने आणि अर्धे नवे असं होईल का? डेटाशीटने ती दूर केली. आयटूसीवर सुरुवातीचा संकेत आला की चिप त्या क्षणाची वेळ दुसऱ्या रजिस्टरांच्या संचात उतरवून घेते आणि वाचणाऱ्याला ती प्रत देते. आतलं घड्याळ तोवर पुढे चालत राहतं. प्रत्येक वाचन एका सलग व्यवहारात झालं की पुरे, आणि ते रेगमॅपचं कुलूप सांभाळतं.

आता चूक.

आकाराच्या जागी मी ६४ लिहिलं.

कारण डेटाशीटच्या शीर्षकातच '६४ x ८' असं ठळक छापलेलं आहे, आणि माझ्या डोक्यात तोच आकडा बसला होता. ते ६४ म्हणजे चिपमधली सगळी जागा: पहिले आठ बाइट घड्याळाचे आणि नियंत्रणाचे, हेक्स ०८ ते हेक्स ३एफ हे ५६ बाइट रॅमचे. ऑफसेट ८ हा मी बरोबर लिहिला आणि त्याच्या खालच्याच ओळीत आकार ६४. दोन्ही आकडे सुटे सुटे बरोबर दिसतात. एकत्र पाहिले की ८ आणि ६४ मिळून ७२ होतात, आणि इतकी जागा चिपमध्ये नाही.

ड्रायव्हर चढवला. सिसएफएसमध्ये फाइल दिसली, ६४ बाइटांची. चाचणी म्हणून सगळीकडे शून्य लिहिलं, परत वाचलं. ६४ शून्यं. तंतोतंत जुळलं. मी समाधानाने पुढच्या चाचणीकडे वळले.

पुढची चाचणी सगळीकडे एफएफ, म्हणजे बाइटाची आठही बिटं १, लिहिण्याची. या वेळी परत वाचलं तर पहिले ५६ बाइट एफएफ आणि शेवटचे आठ असे:

एफएफ ७एफ ७एफ ०७ ३एफ १एफ एफएफ ९३

आयटूसीवर गोंधळ झाला असेल, हा माझा पहिला अंदाज. ओढरोधक (बसच्या तारा वर खेचून धरणारे रोधक) कमी-जास्त असतील, तार लांब असेल. म्हणून तीच चाचणी पुन्हा चालवली. तेच आठ बाइट. दहा वेळा चालवली, दहाही वेळा अक्षर न अक्षर तेच. बसवरच्या गोंधळाला इतकी शिस्त नसते. तो दर वेळी वेगळा येतो. मग चिपच सदोष असेल म्हणून दुसरा बोर्ड घेतला. तिथेही तेच.

तेवढ्यात दुसऱ्या खिडकीत सहज घड्याळाची वेळ विचारली, तर 'अवैध अर्ग्युमेंट' अशी चूक आली. पहिल्या बोर्डवरही तीच. दोन्ही घड्याळं थांबली होती. मी आज्ञा देऊन वेळ पुन्हा लावली. घड्याळ चालू झालं, पण अख्खं उपकरण जड झालं. टाइप केलेलं अक्षर पडद्यावर उमटायला वेळ लागायला लागला. इंटरप्टची आकडेवारी काढली तर घड्याळाच्या पिनचा आकडा डोळ्यांसमोर हजारोंनी वाढत होता.

हार्डवेअर पाहणारे सर शेजारच्या टेबलावर होते. त्यांनी स्कोपचं, म्हणजे विजेचा तरंग दाखवणाऱ्या यंत्राचं, टोक पिनवर टेकवलं.

"अगं, ही एक हर्ट्‌झची पिन ना? इथे तर बत्तीस हजारांच्या पुढे चाललंय."

"किती, सर?"

"बत्तीस सातशे अडुसष्ट. सरळ क्रिस्टलचाच तरंग बाहेर येतोय. हिला हे करायला कुणी सांगितलं?"

कुणीतरी सांगितलं होतं हे नक्की. चिप आपणहून नियंत्रण रजिस्टर बदलत नाही. मी ते आठ बाइट कागदावर एकाखाली एक लिहिले आणि शेजारी डेटाशीटमधला रजिस्टरांचा तक्ता ठेवला. या तक्त्यात काही बिटांच्या जागी ० छापलेलं आहे, आणि खाली टीप आहे की ही बिटं वाचताना नेहमी शून्यच येतात. आता एकेक बाइट बघा. पहिला एफएफ: सेकंदांच्या रजिस्टरात आठही बिटं वापरात आहेत, म्हणून लिहिलं ते सगळं राहिलं. दुसरा ७एफ: मिनिटांचं सर्वांत वरचं बिट कायम शून्य. तिसरा ७एफ: तासांचंही तसंच. चौथा ०७: वाराला तीनच बिटं. ३एफ म्हणजे तारीख, सहा बिटं. १एफ म्हणजे महिना, पाच. एफएफ म्हणजे वर्ष, पूर्ण आठ. आणि शेवटचा ९३, नियंत्रण रजिस्टर: वरचं बिट, तरंग चालू करणारं बिट आणि वारंवारतेची खालची दोन बिटं, एवढीच वापरात. त्यांची बेरीज बरोबर ९३.

मी घड्याळाच्या रजिस्टरांवर लिहीत होते. डेटाशीटमध्ये हेही स्पष्ट आहे: सलग लिहिताना पत्ता ३एफला पोचला की पुढचा बाइट ०० या पत्त्यावर जातो. चिप चूक सांगत नाही, नकार देत नाही, गोल फिरून सुरुवातीला येते. माझे ५६ बाइट रॅमभर पसरले आणि उरलेले आठ वळसा घेऊन सेकंदांपासून नियंत्रणापर्यंत सगळ्यांवर बसले.

बाकीचं सगळं मग आपोआप उलगडलं. सेकंदांच्या रजिस्टरातलं सातवं बिट घड्याळ थांबवण्याचं आहे. तिथे एफएफ पडलं की ते बिट १ होतं आणि घड्याळाला ठोका देणारा क्रिस्टल थांबतो. आमचा ड्रायव्हर ते बिट पाहून वेळ अवैध ठरवतो, म्हणून ती चूक. मी वेळ पुन्हा लावली तेव्हा ते बिट शून्य झालं आणि क्रिस्टल सुरू झाला. पण वेळ लावताना ड्रायव्हर नियंत्रण रजिस्टरला हात लावत नव्हता. तिथे ९३ तसंच होतं, म्हणजे तरंग चालू आणि वारंवारता ३२,७६८ हर्ट्‌झ. त्या पिनवर बसलेल्या इंटरप्टला सेकंदाला एकाऐवजी ३२,७६८ हाका यायला लागल्या. प्रोसेसर दुसरं काही करणार कधी?

आणि पहिली, जुळलेली चाचणी? तिथेही मी घड्याळ पुसलंच होतं. वेळ शून्य, तारीख शून्य, महिना शून्य, तरंग बंद. फक्त लिहिल्यापासून परत वाचेपर्यंत सेकंद पूर्ण झाला नव्हता, म्हणून सेकंदांच्या जागीही शून्यच मिळालं आणि तुलना जुळली. या गोष्टीचा मला सर्वांत जास्त चटका बसला. मी एवढंच विचारलं होतं की जे लिहिलं ते परत आलं का. शेजारी राहणाऱ्याला धक्का लागला का, हे विचारलंच नव्हतं. मेमरीची चाचणी करताना घड्याळाकडे बघायला हवं, हे तोवर सुचलं नव्हतं, आणि या चिपमध्ये ते सुचणं फार गरजेचं होतं.

दुरुस्ती एका आकड्याची, ६४चे ५६. पण मी तो आकडा तसाच लिहून थांबले नाही. रॅमचा पहिला पत्ता आणि शेवटचा पत्ता असे दोन आकडे तक्त्यात ठेवले आणि आकार त्यांच्या वजाबाकीत १ मिळवून काढला. डेटाशीटमध्ये जे छापलेलं असतं तेच कोडमध्ये दिसावं, म्हणजे तपासणाऱ्याला बोट ठेवून जुळवता येतं. एनव्हीमेमची चौकट सीमा काटेकोर तपासते, पण आपण सांगितलेल्या आकाराप्रमाणेच. ६४ सांगितलं तर ती ६४ची राखण करते. खरी सीमा कुठे आहे हे तिला कळायला दुसरा मार्ग नाही.

चाचणीही बदलली. आधी वेळ आणि नियंत्रण रजिस्टर वाचून ठेवायचं. मग फाइलमध्ये मुद्दाम ६४ बाइट ढकलायचे. पहिले ५६ जातात, उरलेल्या आठांना 'फाइल फार मोठी' म्हणून नकार मिळतो. मग पुन्हा वेळ वाचायची, ती एक-दोन सेकंदांनीच पुढे गेलेली असायला हवी, आणि नियंत्रण रजिस्टर होतं तसंच. आता प्रत्येक बोर्डवर ही चाचणी चालते.

मेमरी हाताशी आली, पण तिच्यात काय आणि कसं ठेवायचं हा प्रश्न उरला होता. ५६ बाइट कमी वाटतात, आणि आहेतही. तरी नोंदीच्या दोन प्रती ठेवायच्या, हे मी सुरुवातीलाच ठरवलं. याला चिपच्या आतलं कारण आहे. मुख्य वीज बॅटरीच्या व्होल्टेजच्या सव्वापटीखाली आली, म्हणजे ३ व्होल्टच्या बॅटरीला ३.७५ व्होल्टच्या खाली, की चिप दार बंद करते. चालू असलेला व्यवहार तिथेच तोडला जातो. घड्याळाच्या दृष्टीने हे उत्तम, कारण मरत्या विजेवर बडबडणारा प्रोसेसर वेळ बिघडवू शकत नाही. पण माझी नोंद त्या क्षणी अर्धी लिहून झालेली असेल, तर अर्धी नवी आणि अर्धी जुनी अशी राहते.

म्हणून २८ बाइटांचे दोन कप्पे केले. प्रत्येकात ओळखीची खूण २ बाइट, रचनेची आवृत्ती १, शेवटी का बंद पडलो त्याचं कारण १, चढता क्रमांक ४, पल्सची बेरीज ८, वेळ ८, राखीव २ आणि सीआरसी, म्हणजे बाकीच्या बाइटांवरून काढलेली तपासणीची संख्या, २. लिहिताना नेहमी जुन्या क्रमांकाच्या कप्प्यावर लिहायचं. वीज मध्येच गेली तर तो कप्पा फुटतो, दुसरा शाबूत राहतो. सुरू होताना दोन्ही वाचायचे, ज्यांची सीआरसी जुळते त्यांतला मोठ्या क्रमांकाचा घ्यायचा. बसचा वेग १०० किलोहर्ट्‌झ, एका बाइटाला ९ बिटं, म्हणजे एक कप्पा लिहायला तीन मिलिसेकंदांहून कमी वेळ.

सीआरसीची सुरुवात शून्याने करायची नाही. शून्याने सुरुवात केली तर सगळ्या शून्य बाइटांची सीआरसीही शून्य येते, आणि पूर्ण पुसलेला कप्पा वैध ठरतो. ओळखीची खूण तो अडवते हे खरं, पण दोन कड्या असताना एक मुद्दाम सैल का ठेवायची?

फाइल लिहितानाही काळजी घेतली. साध्या लायब्ररीच्या बफरमधून लिहिलं तर २८ बाइट कधी आणि किती तुकड्यांत जातील याचा भरवसा राहत नाही. म्हणून फाइल थेट उघडून, ठरलेल्या ऑफसेटला, एकाच कॉलमध्ये सगळे बाइट. सिसएफएसच्या या फाइलीत मध्ये साठवण नसते. कॉल परत आला म्हणजे बाइट चिपमध्ये पोचले.

मग एका रिलेवर बोर्डची वीज बांधली आणि रात्रभर वेगवेगळ्या अंतराने ती तोडत राहिलो. सकाळी लॉगमध्ये काही ठिकाणी एक कप्पा फुटलेला सापडला, दोन्ही कप्पे फुटलेले एकदाही नाहीत. फुटलेला कप्पा मी हेक्समध्ये काढून पाहिला. चढत्या क्रमांकापर्यंत नवे बाइट आणि बेरजेपासून पुढे जुने, मधली रेघ स्वच्छ दिसत होती. चिपने नेमकं कुठे दार लावलं ते.

शेवटची चाचणी बॅटरी काढण्याची होती आणि तिने आणखी एक काम दाखवलं. वीज आणि बॅटरी दोन्ही काढून, थोडा वेळ थांबून, परत लावली. रॅममध्ये काहीही असू शकतं, तसंच होतं. दोन्ही सीआरसी चुकल्या आणि प्रोग्रामने तासाला एकदा फ्लॅशवर ठेवलेली जुनी प्रत उचलली. इथवर ठीक. पण लॉगमध्ये 'बॅटरी गेली होती' अशी नोंद यायला हवी होती, ती आली नाही. या चिपला पहिल्यांदा वीज मिळते तेव्हा घड्याळ थांबवण्याचं बिट १ असतं. म्हणजे रॅम विश्वासाची आहे की नाही याची साक्ष घड्याळच देतं. मात्र आमची सुरुवातीची स्क्रिप्ट नेटवर्कवरून वेळ घेऊन चिपमध्ये लावत होती, आणि माझा प्रोग्राम त्यानंतर चालू होत होता. तोवर ते बिट पुसलेलं असायचं, साक्ष नष्ट. मी क्रम उलटा केला. आधी घड्याळाची अवस्था आणि रॅमची नोंद एकत्र वाचायची, मगच वेळ लावायची. बॅटरी काढून पुन्हा पाहिलं, नोंद आली.

पुढच्या बोर्डवर चिप वेगळी आहे, एमसीपी७९४०एन. तिची रॅम हेक्स २० ते ५एफ, म्हणजे खरोखरच ६४ बाइट. तक्त्यात दोन पत्ते बदलले की झालं असं वाटलं होतं, पण तिथे बॅटरीला परवानगी देणारं एक बिट आहे आणि ते सुरुवातीला शून्य असतं. बॅटरी बसवलेली असूनही वीज गेली की घड्याळ आणि रॅम दोन्ही जातात. शिवाय ते बिट वाराच्या रजिस्टरात राहतं. वेळ लावताना वाराचा बाइट बेफिकीरपणे लिहिला तर ते पुसलं जातं. ड्रायव्हरमध्ये तेवढं सांभाळून घेतलं, नवा बोर्ड टेबलावर आला तेव्हा सगळीकडे एफएफ लिहिलं, आणि आधी घड्याळाकडे पाहिलं.